साडेबारा इंच

नोटीस चिकटवली होती ती रस्त्याकडच्या दारावर, नेमकी मधोमध. चिकटवणाऱ्या शिपायाला काय माहीत, की या घरात मधोमध असं काही उरलेलंच नव्हतं.

घर दुमजली. खाली थोरली जाऊ, वर धाकटी. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. ते मागेपुढे गेले, आणि मागे राहिलेल्या या दोघी नऊ वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. बोलत नव्हत्या म्हणजे चकार शब्द नाही. दर्शनी भिंत खालून निम्मी हिरवी, वरून निम्मी पिवळी. जिना बाहेरून होता, सोळा पायऱ्यांचा. खालच्या आठ पायऱ्या थोरली झाडायची, वरच्या आठ धाकटी, आणि मधल्या वळणावरच्या चौकोनात नऊ वर्षांची धूळ सुखाने नांदत होती. गल्लीतले लोक पत्ता सांगताना खुशाल ‘ते अबोल्याचं घर’ म्हणायचे, आणि पत्ता कधी चुकायचा नाही.

थोरली शिवणकाम करायची. वय अडुसष्ट, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, गळ्यात मापाची पट्टी, आणि मधल्या बोटात सुई टोचू नये म्हणून पितळी टोपी, म्हणजे अंगुस्तान. ते ती फक्त जेवताना काढायची. तिने नोटीस आधी उभ्याने वाचली, मग खुर्चीत बसून वाचली, आणि तिसऱ्यांदा चष्मा पुसून वाचली.

शहराच्या घर-देखभाल खात्याने तीन दोष काढले होते. जिन्याचा कठडा हलतो. दर्शनी भिंतीचे पोपडे निघाले आहेत. आणि गच्चीवरचं पाणी खाली आणणारा पाइप फुटला असून पाणी भिंतीत मुरतं, पदपथावर येतं. सर्व मालकांनी मिळून दुरुस्तीचा एकच अर्ज भरावा, त्यावर सर्वांच्या सह्या असाव्यात, आणि तीस दिवसांत काम पुरं करावं. फेरतपासणीत एकही दोष आढळला तर दुरुस्ती होईपर्यंत घर राहण्यास बंद करण्यात येईल.

राहण्यास बंद. बाकी सगळी अक्षरं एका आकाराची होती, पण थोरलीला हेच दोन शब्द मोठे दिसत होते.

कारण तिचा मुलगा चार वर्षं टपून बसला होता. पोरगा गुणाचा, त्याला नावं ठेवायला जागा नाही. दुसऱ्या शहरात चौदाव्या मजल्यावर त्याचं घर होतं, आईसाठी खोली राखून ठेवली होती, खोलीत नवा पलंगसुद्धा होता. फक्त शिलाई मशीन आणायचं नाही, खालच्या मजल्यावरच्यांना धडधड ऐकू जाते म्हणे. नोटिशीची बातमी कळल्यावर तो फोनवर म्हणाला, “आई, बास झालं आता. घर बंद झालं की मी गाडी घेऊन येतो. थोडे दिवस ये तर खरी.”

थोडे दिवस म्हणजे किती, हे थोरलीला पक्कं ठाऊक होतं. या वयात माणूस थोडे दिवस जातं आणि परत येतं ते त्याचं सामान. तिला इथेच राहायचं होतं. खिडकीशी मशीन, समोर रस्ता, आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या चालीवरून त्याच्या पँटची उंची चुकलीय का हे ओळखायचं. एवढंच तिचं जग होतं आणि ते तिला पुरेसं होतं.

आठवडाभराने निरीक्षक बाई आली. पोरसवदाच होती. हातात टॉर्च, काखेत फाइल, आणि बोलणं असं की हसावं का घाबरावं कळू नये.

“काकू, वरच्या मजल्यावर कोण असतं?”

“असतं कुणीतरी,” थोरली म्हणाली.

“त्यांची सही लागेल.”

“तिचा मजला तिचा, माझा माझा. मी माझ्यापुरतं सगळं चकाचक करून देते. वरचं तिला विचारा.”

“काकू, भिंत एकच आहे. पाइप एकच आहे. आमच्या नियमाला वरचा-खालचा कळत नाही. त्याला घर कळतं.” निरीक्षक बाईने फाइल बंद केली, आणि भिंतीलगतचा बिडाचा जुना पाइप किती गंजलाय ते बघायला त्याच्यावर टॉर्चच्या बुडाने दोनदा ठोकलं. टण्, टण्.

वरच्या स्वयंपाकघराची खिडकी खाडकन उघडली.

धाकटीचा चेहरा बाहेर आला, अर्धवट हसरा. तिने खाली पाहिलं, निरीक्षक बाई दिसली, थोरली दिसली, आणि खिडकी होती तशी बंद झाली. सगळं मिळून तीन सेकंदांचा मामला. निरीक्षक बाई तर वर बघायच्या आत संपलाही. पण थोरलीने संध्याकाळपर्यंत एकच शिवण तीनदा उसवली.

कारण हा त्यांचा इशारा होता. चांगल्या दिवसांत थोरली चहा टाकला की खिडकीतून हात काढून अंगुस्तानाने पाइपावर दोनदा ठोकायची. बीड कसं खणखणीत, आवाज सरळ वर जायचा. दुधाला उकळी येईपर्यंत धाकटी जिना उतरून दारात हजर असायची. धाकटी शाळेत गणित शिकवायची, आणि चहाच्या वेळेला कधी एक मिनिट इकडचं तिकडे झालं नाही. नऊ वर्षांत तो पाइप कोणी वाजवला नव्हता. आणि ही बया, नऊ वर्षांनंतरही, टण् ऐकल्याबरोबर खिडकीत आली होती.

भांडण झालं होतं ते फरशीवरून. थोरलीचा नवरा खाली आजारी होता आणि वर धाकटीच्या घरी फरशी बदलायचं काम चाललं होतं. पाच दिवस छन्नी-हातोडा. सहाव्या दिवशी थोरली तरातरा वर गेली आणि गवंड्यांसमोर ओरडली, “खाली माणूस मरतोय आणि तुला फरश्या सुचतायत!” धाकटीच्या हातातला कप तसाच राहिला. त्याच आठवड्यात तो गेला. धाकटी रडत खाली आली तेव्हा थोरलीने दार उघडलं नाही. मग धाकटीनेही पुन्हा वाजवलं नाही. एवढंच. माणसं याहून मोठ्या गोष्टी विसरतात, पण या दोघींची स्मरणशक्ती दांडगी.

अर्ज मात्र भरावाच लागणार होता. धाकटीची एक टोपली होती, दोरीला बांधलेली. ती खिडकीतून खाली सोडून ती भाजी आणि वर्तमानपत्र वर ओढून घ्यायची. थोरलीने एके सकाळी त्या टोपलीत अर्ज टाकला, वर कपडे वाळत घालायचा चिमटा लावला आणि जणू काही आपण नव्हेच, अशी घरात निघून गेली. टोपली वर गेली. दुपारी खाली आली. कठड्याच्या रकान्यात धाकटीने शिक्षिकेच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: ‘लोहार मी सांगते.’ थोरलीने खाली लिहिलं: ‘रंगारी मी.’ टोपली वर. ‘रंग कोणता?’ टोपली खाली. ‘हिरवा.’ वर. ‘पिवळा.’ खाली. असं तीन दिवस चाललं, दोरी झिजायची वेळ आली. शेवटी धाकटीने लिहिलं, ‘पांढरा. वाद नको.’ आणि थोरलीला पहिल्यांदाच वाटलं, की बाई तशी शहाणी आहे.

लोहाराने कठडा घट्ट बसवला. रंगाऱ्याने भिंत खरवडून पांढरी केली. घर एकदम मोठं दिसायला लागलं, दोन तुकड्यांचं एक झालं म्हणून असेल. राहिला पाइप. तो मागवायचं काम धाकटीकडे आलं, कारण सामानाचा दुकानदार तिचा जुना विद्यार्थी होता. माप थोरलीने लिहायचं, कारण पाइप खालून हाताला लागत होता. थोरलीने गळ्यातली पट्टी काढली, पाइपाला गुंडाळली, आकडा वाचला आणि झोकात लिहिला: साडेबारा इंच. टोपली वर गेली. वरून काही प्रश्न आला नाही. थोरली निश्चिंत झाली.

फेरतपासणी शुक्रवारी होती. बुधवारी सकाळी हातगाडी आली.

थोरली मशीनवर होती. आधी तिला वाटलं, गल्लीत शहराच्या गटाराचं काम निघालं असावं. गाडीवर तीन भले मोठे पाइप होते, एकेकाचं तोंड एवढं की आत मांजर सहकुटुंब राहील. गाडी तिच्याच दाराशी थांबली. मागोमाग नळवाला आला, त्याने पाइपाकडे पाहिलं, घराकडे पाहिलं, डोकं खाजवलं.

“मावशी, हा पाइप घराला लावायचाय, की घर या पाइपाला?”

समोरचे न्हावीबुवा गिऱ्हाईकाला अर्धवट दाढीत सोडून बाहेर आले. दोन बायका थांबल्या. कोणीतरी पाइपात तोंड घालून हाक मारली आणि ती घुमून परत आली. गल्लीला हसायला एवढं कारण पुष्कळ झालं. थोरलीचा मात्र पारा चढला. “कोणाच्या डोक्यातून आलं हे?” तिने दुकानदाराला विचारलं. तो गाडीमागे उभा राहून रुमालाने मान पुसत होता.

“बाईंनीच लिहून पाठवलं. साडेबारा इंच.”

“मग तुला कळत नाही? घराला एवढा पाइप असतो का कधी?”

“कळतं की. पण बाईंनी मला सातवीपासून गणित शिकवलंय,” दुकानदार खाली बघत म्हणाला. “त्यांना उलट विचारायची माझी छाती झाली नाही. साडेबाराचा मिळत नव्हता, म्हणून बाराचा आणला.”

आणि मग थोरलीच्या डोक्यात उजेड पडला. पाइप आडवा मोजतात. तोंडाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. तिने मोजला होता घेर. पन्नास वर्षं ती हेच करत आली होती: गळ्याचा घेर, मनगटाचा घेर, कमरेचा घेर. गोल काही दिसलं की तिची पट्टी आपोआप त्याच्याभोवती फिरायची. हसं झालं होतं ते तिच्या आकड्याचं, आणि गल्ली हसत होती धाकटीला. तिने वर पाहिलं. खिडकी किलकिली होती. फटीतून धाकटीचा अर्धा चेहरा दिसत होता, लाल झालेला.

“गाडी परत घेऊन जातो,” दुकानदार म्हणाला, “पण बरोबर माप आत्ता द्या. उद्या दुकान बंद आहे.”

“आणि मला आज संध्याकाळपर्यंतच सवड आहे,” नळवाल्याने सांगितलं.

म्हणजे आज नाही तर शुक्रवारी पाइप नाही. पाइप नाही तर घर बंद. घर बंद तर चौदावा मजला. थोरलीने मनातल्या मनात हिशेब घातला आणि टोपलीकडे पाहिलं. चिठ्ठी लिहून टाकता आली असती. ‘माप चुकले. घेर होता.’ पण खाली सगळी गल्ली हसत असताना वर चिठ्ठी पाठवायची, हे तिलाच लाजिरवाणं वाटलं. चूक माझी आणि तोंड लपवतेय ती. थोरलीने पट्टी गळ्यात टाकली आणि जिना चढायला लागली.

आठ पायऱ्या सवयीच्या होत्या. वळणावरच्या धुळीत तिच्या सपातांचे ठसे उमटले. पुढच्या आठ पायऱ्या मात्र ती नव्या कठड्याला घट्ट धरून चढली. गुडघ्यांचा दोष नव्हता तो. छाती धडधडत होती, आणि तिच्या मशीनपेक्षा जोरात.

दार वाजवायची वेळच आली नाही. ते उघडंच होतं आणि धाकटी उंबऱ्यात उभी होती, हातात शाळेतली लाकडी मोजपट्टी. केस सगळे पांढरे झाले होते. खिडकीतून ते एवढे दिसत नसत.

“पाइपाचं माप चुकलंय,” थोरली चौकटीकडे बघत म्हणाली. नऊ वर्षांनंतरचं पहिलं वाक्य हे.

“दिसलं,” धाकटी म्हणाली.

“मी घेर लिहिला. आमच्यात घेरच घेतात.”

धाकटीने कपाळावर हात मारून घेतला. “परीघ! अहो जाऊबाई, तीस वर्षं मी पोरांना परीघ आणि व्यास शिकवला. साडेबारा भागिले तीन पूर्णांक चौदा. चार येतात, सरळ चार!”

“मग एवढा मोठा आकडा बघून शंका नाही आली?”

“आली की. रात्रभर आली. मग वाटलं, नव्या नियमात मोठा लागत असेल. निरीक्षक बाई तुमच्याशीच बोलली होती ना.”

“मग विचारायचं नाही?”

“तुम्ही सांगायचं नाही?”

खालून गल्लीचा हसण्याचा आवाज येत होता, पण तो आता लांबचा वाटत होता. थोरलीच्या डोळ्यांसमोर पाइप नव्हताच. तिला ते पाच दिवस दिसत होते. नवऱ्याचं दुखणं किती वाढलंय हे तिने वर एकदाही सांगितलं नव्हतं. हिला कळायला नको का, असं ती मनात म्हणत राहिली होती, हातोड्याचा एकेक घाव मोजत. खालून वर सोळा पायऱ्या. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं, आणि त्यावर नऊ वर्षं गेली.

“तेव्हाही नाही सांगितलं मी,” ती म्हणाली. “त्यांचं. तुला माहीतच नव्हतं ना?”

धाकटीने मान हलवली. “सर्दी-ताप आहे एवढंच ठाऊक होतं. कळलं असतं तर एक फरशी फोडू दिली असती का मी? पण मीही खाली येऊन बघितलं नाही. पाच दिवस चहाची टण् आली नाही, तरी बघितलं नाही. रागावल्या असाल म्हटलं.”

थोरलीला रडू आलं. तिने ते आवरायचा प्रयत्नही केला नाही. धाकटीही रडली. आणि खालून दुकानदार ओरडला, “बाई, माप!”

“भागाकार बरोबर असेल,” थोरली डोळे पुसत म्हणाली, “पण आता आडवं मोजल्याशिवाय मी एक अक्षर लिहिणार नाही.”

पाइपाचं वरचं तोंड खिडकीच्या जरा वर, बाहेर होतं. धाकटी स्टुलावर चढून खिडकीतून वाकली आणि थोरलीने मागून तिच्या कमरेला दोन्ही हातांनी धरलं.

“घट्ट धरा हं.”

“धरलंय. चौतीस होतीस तू. अडतीस झालीस.”

“जाऊबाई, माझं नाही, पाइपाचं माप घ्यायचंय!” धाकटी एवढी हसली की मोजपट्टी निसटता निसटता राहिली. खाली गल्लीने मान वर केली. अबोल्याच्या घराच्या वरच्या खिडकीतून धाकटी अर्धी बाहेर, तिच्या पाठीमागून थोरलीचा चष्मा डोकावतोय, आणि दोघी हसताहेत. न्हावीबुवांच्या गिऱ्हाइकाच्या गालावरचा साबण तोवर वाळून गेला होता.

“चार इंच!” दोघी एकदम ओरडल्या.

संध्याकाळी पाइप बसला, पांढरा, प्लॅस्टिकचा, वरपासून खालपर्यंत सरळ. जुना बिडाचा नळवाला घेऊन गेला.

शुक्रवारी निरीक्षक बाई आली. तिने कठडा हलवून पाहिला, हलला नाही. भिंतीवरून हात फिरवला, पोपडा निघाला नाही. मग म्हणाली, “वरून बादलीभर पाणी ओतायला लागेल.”

“मी ओतते,” म्हणत धाकटी गच्चीवर गेली. थोरली खाली पाइपाच्या तोंडाशी उकिडवी बसली. गुडघे कुरकुरले, पण हे काम तिला दुसऱ्या कोणाला द्यायचं नव्हतं. वरून आवाज आला, “सोडू का?”

“सोड!”

एक क्षण काहीच नाही. थोरलीचा जीव टांगणीला लागला. मग पाइपाच्या पोटातून खळखळ उतरत आली आणि पाणी तिच्या हातांवर पडलं. भिंत कोरडी. पदपथ कोरडा. पाणी सरळ गटारात.

“आलं!” ती ओरडली. “सगळं आलं गं!”

निरीक्षक बाईने अर्जावर शिक्का मारला आणि चुकून का होईना, हसली. जाताना म्हणाली, “काकू, त्या दिवशी तुम्ही म्हणाला होतात, वर असतं कुणीतरी.”

“माझी धाकटी जाऊ असते,” थोरली म्हणाली.

मुलाचा फोन आला तेव्हा त्याला सगळं आधीच ठाऊक होतं. वरच्या काकूने सांगितलं म्हणे. तो तिच्याशी वर्षानुवर्षं बोलत होता आणि आईला त्याने ताकास तूर लागू दिली नव्हती. “गाडी आणू ना?” त्याने चिडवत विचारलं.

“आण. राहायला ये चार दिवस. वर काकूकडे झोप, जेवायला खाली.”

फोन ठेवून तिने चहा टाकला. दोन कपांचं आधण ठेवलं. मग खिडकीतून हात बाहेर काढला आणि अंगुस्तानाने पाइपावर दोनदा ठोकलं.

टप्, टप्. प्लॅस्टिकच ते. आवाज जागच्या जागी मेला. तिने पुन्हा ठोकलं, जरा जोरात. वरची खिडकी हलली नाही.

थोरली क्षणभर अंगुस्तानाकडे बघत राहिली. मग ते काढून तिने खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, मान बाहेर काढली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली.

“अगं, चहा टाकलाय, ये खाली!”